शस्त्रसंघर्षापासून स्वातंत्र्याच्या घोषणेपर्यंत : वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न (१८०३–१९३०)

प्रस्तावना

परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणे आणि त्या सत्तेपासून आपण स्वतंत्र झालो असे जाहीर करणे, या दोन भिन्न राजकीय कृती आहेत. पाठ्यपुस्तकांत त्या लागोपाठच्या प्रकरणांत येतात. त्यामुळे पहिलीतून दुसरी आपोआप निष्पन्न होते, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः शस्त्र उचलणारा समाज पुष्कळदा एखादा कर, एखादा अधिकारी किंवा एखादा कायदा यांच्याविरुद्ध लढत असतो आणि त्याच वेळी राजाविषयीची निष्ठाही व्यक्त करीत असतो. या निष्ठेचे नकारात रूपांतर केव्हा व कसे होते, हा इतिहासाच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहती. तेथे पहिली गोळी सुटल्यापासून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत साडेचौदा महिने लागले. आपल्या वऱ्हाडात मात्र इंग्रजी फौजेशी झालेल्या पहिल्या मोठ्या लढायांपासून पूर्ण स्वातंत्र्याच्या प्रतिज्ञेपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. हे अंतर केवळ दुर्बलतेचे किंवा उदासीनतेचे द्योतक मानता येत नाही. त्यामागे वऱ्हाडच्या सार्वभौमत्वाची एक विलक्षण गुंतागुंत होती. प्रस्तुत लेखात प्रथम अमेरिकेतील घटनाक्रमाचा थोडक्यात परामर्श घेऊन त्याच्या प्रकाशात वऱ्हाडचा हा प्रवास स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. अमेरिकेतील घटनाक्रम : निष्ठेपासून नकारापर्यंत

१९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे ब्रिटिश सैनिक आणि स्थानिक नागरी सैन्य यांच्यात चकमकी झडल्या. १० मे रोजी फिलाडेल्फिया येथे दुसरी खंडीय परिषद भरली व जूनमध्ये तिने जॉर्ज वॉशिंग्टन यांची सरसेनापती म्हणून नियुक्ती केली. १७ जूनला बंकर हिलची रक्तरंजित लढाई झाली. एवढे झाल्यानंतरही जुलै १७७५ मध्ये त्याच परिषदेने राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे समेटाचा विनंतीअर्ज पाठविला. शस्त्र का उचलले याची कारणे सांगणारे जे निवेदन त्याच सुमारास प्रसिद्ध झाले, त्यातही साम्राज्यापासून विभक्त होण्याचा हेतू नाकारला होता. वसाहतीतील लोकांची भूमिका अशी होती की, आपला झगडा पार्लमेंटशी व मंत्र्यांशी आहे. राजा न्याय देईल.

ही भूमिका तीन कारणांनी ढासळली. पहिले कारण म्हणजे दाद मिळण्याची आशा संपली. ऑगस्ट १७७५ मध्ये राजाने वसाहती बंडखोर असल्याचे घोषित केले आणि डिसेंबरात पार्लमेंटने त्यांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. दुसरे कारण म्हणजे प्रत्यक्ष कारभार लोकांच्या हाती आला. अनेक वसाहतींचे गव्हर्नर पळून गेले होते किंवा निष्प्रभ झाले होते. स्थानिक समित्या व प्रांतिक सभा कर गोळा करीत होत्या, सैन्य उभारीत होत्या. मे १७७६ मध्ये खंडीय परिषदेने वसाहतींना स्वतःची शासने स्थापण्याची शिफारस केली, तेव्हा तिने चालू वस्तुस्थितीलाच मान्यता दिली. तिसरे कारण विचारांच्या क्षेत्रातील होते. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली आणि तिने राजपदाच्या मूलाधारावरच आघात केला. इंग्रज प्रजाजनांचे परंपरागत हक्क मागणारी भाषा मागे पडून मनुष्यमात्राच्या नैसर्गिक हक्कांची भाषा पुढे आली. ७ जून रोजी रिचर्ड हेन्री ली यांनी स्वातंत्र्याचा ठराव मांडला. तो २ जुलै रोजी संमत झाला व ४ जुलै १७७६ रोजी जाहीरनामा स्वीकारला गेला.

दाद मिळण्याच्या आशेचा अंत, लोकांच्या नावाने बोलू शकणाऱ्या संस्था आणि हक्कांची नवी भाषा, अशा या तीन अटी आहेत. त्या वऱ्हाडात केव्हा व कशा पूर्ण झाल्या हे आता पाहू.

२. अडगाव आणि गाविलगड : राज्यकर्त्यांचे युद्ध

इंग्रजांशी वऱ्हाडचा पहिला मोठा संघर्ष दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर त्याने गाविलगडाला वेढा घातला. १५ डिसेंबर रोजी किल्ला पडला व किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांताबरोबरच वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूखही सोडला.

गाविलगडावरील प्रतिकार शौर्याचा होता, यात शंका नाही. तथापि तो एका राज्यकर्त्याने दुसऱ्या राज्यकर्त्याशी केलेला संघर्ष होता. रयतेच्या दृष्टीने महसूल घेणारा हात बदलणार होता, एवढाच त्याचा अर्थ. लेक्सिंग्टन येथे लढणारे लोक आपल्या नगरसभेचे मतदार होते व ती सभा त्यांच्या नावाने बोलू शकत होती. गाविलगडच्या पायथ्याशी असलेल्या गावांत पाटील-कुळकर्णी होते, देशमुख-देशपांडे होते. परंतु समस्त वऱ्हाडच्या वतीने राजकीय निर्णय घेणारी कोणतीही संस्था नव्हती. म्हणून १८०३ च्या रणांगणातून स्वातंत्र्याची घोषणा निघणे शक्य नव्हते.

३. कागदावर झालेली तीन हस्तांतरे

यापुढचा वऱ्हाडचा इतिहास मुख्यतः तहनाम्यांचा आहे. पहिले हस्तांतर १८०४ मध्ये झाले. भोसल्यांकडून मिळालेला वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख कंपनी सरकारने आपला मित्र निजाम याला दिला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांखालचा काही प्रदेश भोसल्यांकडे राहिला होता. तोही १८२२ च्या करारानंतर निजामाकडे गेला.

दुसरे हस्तांतर २१ मे १८५३ च्या तहाने झाले. निजामाच्या खर्चाने परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज ठेवलेली होती. तिचे एक ठाणे एलिचपूरजवळ, म्हणजे आजच्या परतवाड्यात होते. परतवाड्याला आजही ‘कँप’ म्हणण्याची जी जुनी रीत आढळते, तिचे मूळ याच छावणीत आहे. या फौजेचा खर्च थकत गेला, निजामावर कर्ज चढले आणि त्याच्या फेडीसाठी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला गेला. मुलूख मात्र कायद्याने निजामाचाच राहिला. पुढे सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून दीर्घकाळ खटपट केली, ती निष्फळ ठरली.

तिसरे हस्तांतर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी झाले. लॉर्ड कर्झन याने वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायम पट्ट्याने घेतला व १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. या करारातही निजामाचे सार्वभौमत्व शब्दांत कायम ठेवले होते.

या तिन्ही प्रसंगी वऱ्हाडच्या रहिवाशांना कोणीही विचारले नाही. त्याचबरोबर एक वेगळीच वैधानिक अवस्था निर्माण झाली. राज्य करणारा इंग्रज, मालकी निजामाची आणि कर भरणारा वऱ्हाडी शेतकरी, अशी ही त्रिविध रचना होती. वऱ्हाड हा काटेकोर अर्थाने ‘ब्रिटिश हिंदुस्थान’चा भाग नसल्याने तेथील कायदे वेगळ्या आदेशांनी लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडून आलेल्या प्रतिनिधींचीही सरकारकडून औपचारिक ‘नेमणूक’ केली जाई. निवडणूक लोक करीत. परंतु ‘परक्या’ राज्याचे रहिवासी म्हणून तिला नेमणुकीचा शिक्का लागे. अमेरिकेतील वसाहतवाल्यांना आपला राजा कोण याविषयी कधीच संदेह नव्हता. वऱ्हाडी माणसाला मात्र निष्ठा काढून घ्यायची तर ती कोणाकडून, हाच प्रश्न आधी सोडवावा लागणार होता.

४. सशस्त्र प्रतिकाराच्या मर्यादा

एकोणिसाव्या शतकात सशस्त्र प्रतिकाराच्या लाटा वऱ्हाडच्या सीमेवर येऊन आदळल्या, परंतु येथे त्या स्थिर झाल्या नाहीत. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेल्या आप्पासाहेब भोसल्यांनी सातपुड्यातील महादेवाच्या डोंगरांत आश्रय घेऊन गोंडांच्या साहाय्याने काही काळ झुंज दिली. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडून सातपुड्यातून दक्षिणेत उतरण्याचा प्रयत्न केला, पण घाटांवरील बंदोबस्तामुळे तो सफल झाला नाही. १८७९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात वासुदेव बळवंत फडके यांनी केलेले बंड त्याच वर्षी मोडले गेले. परकीय राज्यच नको, ही फडक्यांची भूमिका निःसंदिग्ध होती. परंतु ती उचलून धरणारी संघटना व लोकमत त्या वेळी उभे नव्हते. अमेरिकेत शस्त्रांच्या मागे सभा व समित्या होत्या. येथे शस्त्र होते, निर्धारही होता. पण त्यामागची संस्था अद्याप जन्माला यायची होती.

याच काळात वऱ्हाडचे आर्थिक जीवन पालटत होते. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडचा कापसाचा पुरवठा तुटला व वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. रेल्वे आली, अमरावती व खामगाव या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा झाल्या, आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयो याने खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले. कापसाबरोबर सावकारी आली, न्यायालये आली, त्यांच्यामागून वकील आले. वऱ्हाडच्या राजकीय संस्थांची उभारणी प्रामुख्याने याच वकीलवर्गाने केली.

५. अमरावतीची राष्ट्रीय सभा, १८९७

डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावती येथे भरले. सी. शंकरन नायर हे अध्यक्ष होते व दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. या अधिवेशनावर त्या वर्षीच्या पुण्यातील घटनांची गडद छाया होती. प्लेगच्या बंदोबस्तातील जाचानंतर २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी अमरावतीच्या व्यासपीठावरून टिळकांविषयी जाहीर सहानुभूती व्यक्त केली.

अध्यक्षीय भाषणात शासनावर स्पष्ट टीका होती. परंतु साम्राज्यातून बाहेर पडण्याची भाषा कोठेही नव्हती. मागणी होती ती ब्रिटिश प्रजाजनांना मिळणारे हक्क हिंदी लोकांना मिळावेत, अशी. १७७५ च्या जुलै महिन्यातील फिलाडेल्फियाशी या मनोभूमिकेचे साम्य विचार करण्याजोगे आहे. सत्तेचे प्रतिनिधी चुकतात, मूळ सत्ता न्यायी आहे, ही श्रद्धा दोन्हीकडे समान होती.

अमरावतीतच पुढे दोन प्रवाह स्पष्ट झाले. रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांनी सनदशीर नेमस्त मार्ग धरला व १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. खापर्डे टिळकांच्या बाजूला गेले, १९०८ नंतर टिळकांच्या अपिलासाठी विलायतेत राहिले आणि १९१६ नंतरच्या होमरूल चळवळीचा वऱ्हाडात प्रसार केला. पक्ष वेगळे असले तरी दोघांचेही ध्येय साम्राज्यांतर्गत स्वराज्य हेच होते. नेमस्त व जहाल यांतील वाद मार्गाविषयी व गतीविषयी होता; स्वातंत्र्याच्या घोषणेविषयी तो अजून नव्हता.

१९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषावार प्रांतरचना स्वीकारली व वऱ्हाडला स्वतंत्र प्रांताचे स्थान दिले. निजामाची मालकी व इंग्रजांचा पट्टा या दोहोंकडे दुर्लक्ष करून एका लोकसंघटनेने वऱ्हाडला भाषेच्या आधारावर एक राजकीय घटक मानले. लोकांच्या नावाने बोलू शकणारी संस्था, ही दुसरी अट या टप्प्यावर पूर्ण होऊ लागली.

६. निजामाचा दावा आणि रीडिंगचे उत्तर

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान याने वऱ्हाड परत मागितला. आपण व ब्रिटिश सरकार समान दर्जाचे करारकर्ते आहोत, अशी त्याची मांडणी होती. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने त्याला पत्राने उत्तर दिले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, असा त्याचा आशय होता. संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्तेच्या सिद्धांताचे हे सर्वांत ठळक प्रतिपादन मानले जाते आणि ते वऱ्हाडच्या निमित्ताने झाले, ही बाब येथील अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

या पत्राने निजामाचा दावा फेटाळला गेला, पण वऱ्हाडच्या जनतेचा प्रश्न सुटला नाही. वऱ्हाड निजामाकडे जाणार नाही हे ठरले ते केवळ इंग्रजांची सत्ता श्रेष्ठ म्हणून. दोन सत्ताधीशांच्या या पत्रव्यवहारात लोकांच्या संमतीला कोठेही जागा नव्हती. तिन्ही हस्तांतरांतील मूळ दोष येथे पुन्हा प्रकट झाला.

७. वसाहतीचे स्वराज्य की पूर्ण स्वातंत्र्य?

१९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात हसरत मोहानी यांनी मांडलेली पूर्ण स्वातंत्र्याची सूचना फेटाळली गेली होती. १९२७ मध्ये मद्रासला स्वातंत्र्याच्या ध्येयाचा ठराव झाला. परंतु १९२८ च्या नेहरू अहवालाने पुन्हा वसाहतीच्या स्वराज्याची मागणी केली. या अहवालाच्या समितीत वणीचे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे हे सदस्य होते. अणे हे मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते आणि प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात काम केल्यामुळे कायदेमंडळांचा उपयोग करून घेण्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांच्यासारख्या नेत्याने १९२८ मध्ये साम्राज्यांतर्गत स्वराज्याच्या आराखड्याला संमती देणे स्वाभाविक होते.

कलकत्ता अधिवेशनाने सरकारला १९२९ अखेरपर्यंत मुदत दिली. ऑक्टोबर १९२९ मध्ये लॉर्ड आयर्विन याने वसाहतीचे स्वराज्य हे अंतिम उद्दिष्ट असल्याचे सांगितले. पण ते केव्हा मिळणार याचे आश्वासन दिले नाही. मुदत संपली. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली.

या प्रतिज्ञेची वैचारिक घडण अमेरिकन जाहीरनाम्याशी जवळची आहे. स्वातंत्र्य हा जनतेचा अविभाज्य हक्क आहे आणि तो हिरावून घेणारे शासन बदलण्याचा वा संपविण्याचाही हक्क जनतेला आहे, हे सूत्र दोन्हींत येते. जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची मालिका आहे. प्रतिज्ञेत जमीनमहसूल, मिठाचा कर व ग्रामोद्योगांचा ऱ्हास यांचा उल्लेख आहे. दाद मिळण्याच्या आशेचा अंत व हक्कांची नवी भाषा या उरलेल्या दोन्ही अटी येथे एकाच वेळी पूर्ण झाल्या.

एक मूलभूत फरक मात्र नोंदविला पाहिजे. अमेरिकेत आधी लढाई व मग घोषणा, असा क्रम होता. भारतात १९३० मध्ये आधी घोषणा झाली व तिच्या पाठोपाठ लढा आला. आणि तो निःशस्त्र होता.

८. दहीहांडा आणि पुसद : घोषणेचे स्थानिक रूप

मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र हवा. वऱ्हाडला समुद्र नाही. परंतु पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. राष्ट्रीय कार्यक्रमाला स्थानिक भूगोलाची जोड देण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

मीठ हा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या रोजच्या संघर्षाचा मुख्य विषय नव्हता, जंगल होता. राखीव जंगलातील गवत, जळण व चराई यांवरील निर्बंध प्रत्येक गुरेवाल्याला जाचत होते. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला व त्यांना अटक झाली. दोन वर्षांपूर्वी वसाहतीच्या स्वराज्याच्या अहवालाशी संबंधित असलेला नेता हातात विळा घेऊन कायदा मोडतो, यात वऱ्हाडच्या साऱ्या स्थित्यंतराचे सार आहे. अमेरिकेत समेटाच्या अर्जाला अंतिम रूप देणाऱ्या जॉन डिकिन्सन यांनी स्वातंत्र्याच्या ठरावाला मत दिले नाही, मात्र पुढे सैन्यात ते दाखल झाले. समेटावर विश्वास असलेली माणसे परिस्थितीच्या रेट्याने कोठवर येतात, हे दोन्ही उदाहरणांवरून समजते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शस्त्रसंघर्ष ही स्वातंत्र्याच्या घोषणेची पुरेशी अट नाही. गाविलगडावर शौर्य होते, पण जनतेच्या नावाने बोलणारी संस्था नव्हती. अमरावतीला १८९७ मध्ये संस्था होती, पण निष्ठा अभंग होती. १९३० मध्ये संस्था, भ्रमनिरास व हक्कांची भाषा ही तिन्ही एकत्र आली.

वऱ्हाडच्या दृष्टीने २६ जानेवारी १९३० च्या प्रतिज्ञेला आणखी एक अर्थ आहे. १८०४, १८५३ व १९०२ या तिन्ही वेळी हा मुलूख एकाकडून दुसऱ्याकडे देण्यात आला. १९२६ मध्ये त्याच्यावर वाद झाला. या सर्व व्यवहारांत वऱ्हाडी जनता हा कराराचा विषय होती, करारातील पक्ष ती कधीच नव्हती. पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेताना तिने इंग्रजांचे राज्य नाकारले आणि त्याचबरोबर आपल्या भूमीची मालकी कागदाने ठरविण्याचा कोणाचाही अधिकार नाकारला.

घोषणेचा परिणाम तत्काळ झाला नाही. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व पुन्हा मान्य करून त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यात आला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर हा दावा निरर्थक ठरला. प्रतिज्ञेचाच दिनांक धरून २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अंमलात आले, तेव्हा वऱ्हाडचे सार्वभौमत्व कोणाचे, या प्रश्नाला वैधानिक उत्तर मिळाले. स्थानिक इतिहास शिकविताना गाविलगडच्या लढाईइतकेच या उत्तराकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले जाणे आवश्यक आहे.